युद्धाला मुदत

१ सप्टेंबर १९७० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदानाआधी जॉर्ज मॅकगव्हर्न बोलायला उभे राहिले. दक्षिण डकोटा या शेतीप्रधान राज्याचे हे सिनेटर एरवी बोलण्यात मवाळ. त्या दिवशी मात्र त्यांनी सहकाऱ्यांना तोंडावर सुनावले की, पन्नास हजार तरुणांना अकाली कबरीत धाडण्याची जबाबदारी थोडीथोडी इथल्या प्रत्येक सिनेटरवर आहे आणि या सभागृहाला रक्ताची दुर्गंधी येते आहे. सभागृहात चिडीचूप शांतता पसरली. नंतर एका सिनेटरने त्यांना गाठून सांगितले, तुमचे बोलणे मला फार लागले. मॅकगव्हर्न म्हणाले, लागावे म्हणूनच बोललो. मतदान झाले. बाजूने ३९, विरोधात ५५. दुरुस्ती फेटाळली गेली.

ही दुरुस्ती मॅकगव्हर्न आणि ओरेगॉनचे सिनेटर मार्क हॅटफील्ड यांची. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. मागणी एका ओळीत सांगता येईल अशी होती: ३१ डिसेंबर १९७१ नंतर व्हिएतनाममध्ये अमेरिकी फौज ठेवायला सरकारला पैसा मिळणार नाही. ‘लवकरात लवकर’, ‘परिस्थिती पाहून’, ‘सन्मानाने’ अशा सैल शब्दांच्या जागी त्यांनी कॅलेंडरवरचा एक दिवस मांडला. या प्रकरणाचा विषय तोच आहे. दूर देशी चाललेल्या लढाईला लोकप्रतिनिधी तारीख मागतात म्हणजे नेमके काय मागतात, ती बहुतेक वेळा नाकारली का जाते, आणि नाकारली गेली तरी पुढे तिचे काय होते?

तिजोरी आणि कॅलेंडर

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्धाचा अधिकार वाटून दिला आहे. सैन्याचे सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षांकडे. युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे आणि त्याचा खर्च मंजूर करणे काँग्रेसकडे. कागदावर वाटणी चोख आहे. प्रत्यक्षात अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारले ते शेवटचे १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान या साऱ्या लढाया तशा घोषणेशिवाय झाल्या. फौज एकदा रवाना झाली की सिनेटर तिला परत फिरण्याचा हुकूम देऊ शकत नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: तिजोरीची किल्ली आणि कॅलेंडर.

घटनाकारांनी या दोहोंची सांगड आधीच घालून ठेवली होती. सैन्यासाठीची कोणतीही आर्थिक तरतूद दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी करता येणार नाही, असे कलम १७८७ च्या मसुद्यातच आहे. त्यांच्यासमोर इंग्लंडचा धडा होता. राजाच्या कायमस्वरूपी फौजेची धास्ती घेतलेल्या इंग्लिश पार्लमेंटने १६८९ पासून लष्करी शिस्तीचा कायदा थोड्या थोड्या मुदतीने मंजूर करायला सुरुवात केली. राजाला फौज हवी असेल तर त्याने पुन्हा पार्लमेंट बोलवावे, ही त्यामागची मेख.

मुंबई-पुण्यात घर भाड्याने देणारा मालक करार अकराच महिन्यांचा का करतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही मेख समजावून सांगायला नको. मुदत संपली की पुढे राहू इच्छिणाऱ्याने येऊन विचारायचे असते. मुदतच नसेल तर घर रिकामे करून घेण्यासाठी मालकालाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. युद्धाचेही असेच आहे. मुदत नसलेले युद्ध थांबवायचे तर थांबवू पाहणाऱ्याने बहुमत जमवायचे, आणि राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतेही आणायची. मुदत ठरलेली असेल तर तेच ओझे उलट बाजूला जाते. युद्ध चालू ठेवू पाहणाऱ्याने यायचे, कारण सांगायचे, मते मागायची. तारखेची मागणी वरवर पाहता सेनापतींना उद्देशून असते. खरे तर ती पुराव्याची जबाबदारी या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकण्याची मागणी असते.

दोन सैनिक, एक दुरुस्ती

तारीख मागणारे म्हणजे लढाईला भ्यालेले, असा आरोप हमखास होतो. मॅकगव्हर्न आणि हॅटफील्ड यांच्यावर तो चिकटणे कठीण होते. मॅकगव्हर्न यांनी दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक म्हणून युरोपच्या आकाशात ३५ मोहिमा केल्या होत्या. हॅटफील्ड नौदलात होते. इवो जिमा आणि ओकिनावाच्या लढाया त्यांनी पाहिल्या, आणि अणुबॉम्ब पडल्यानंतर काही आठवड्यांतच हिरोशिमाची राखही.

तारखेची कल्पना त्यांच्याही आधी न्यूयॉर्कचे रिपब्लिकन सिनेटर चार्ल्स गुडेल यांनी मांडली होती. रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर रिकाम्या झालेल्या जागेवर नेमल्या गेलेल्या गुडेल यांनी सप्टेंबर १९६९ मध्ये विधेयक आणले: १ डिसेंबर १९७० नंतर व्हिएतनाममधल्या फौजेला निधी नाही. त्यांचाच पक्ष सत्तेत, त्यांचाच राष्ट्राध्यक्ष. विधेयक पुढे सरकले नाही. पक्षाने गुडेल यांना वाऱ्यावर सोडले आणि १९७० च्या निवडणुकीत ते पडले.

३० एप्रिल १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमेरिकी फौजा कंबोडियात घुसवल्याचे जाहीर केले आणि देश पेटला. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. मॅकगव्हर्न यांनी घर गहाण टाकून पैसा उभा केला. एनबीसी वाहिनीवर अर्ध्या तासाची वेळ विकत घेतली गेली आणि पाच सिनेटरांनी युद्धाला तारीख का हवी हे लोकांना समजावून सांगितले. लोकांनी पाठवलेल्या देणग्यांतून तो खर्च कितीतरी पटींनी भरून निघाला.

दुरुस्तीचा मसुदा आततायी नव्हता. सुरुवातीला ३० जून १९७१ ही मुदत होती. कुंपणावरच्या सिनेटरांना वळवण्यासाठी ती सहा महिन्यांनी पुढे ढकलली गेली. मधला टप्पा ठरवला गेला: ३० एप्रिल १९७१ पर्यंत सैनिकांची संख्या २,८०,००० वर आणायची. अडचण उद्भवली तर राष्ट्राध्यक्षांना ६० दिवस वाढवून घेण्याची मुभा होती. त्याहून जास्त हवे असतील तर काँग्रेसकडे यायचे. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात होती.

निक्सन यांचा प्रतिवाद कच्चा नव्हता. फौज आपण कमी करतोच आहोत, असे ते सांगत, आणि ते खरेही होते. १९६९ मध्ये सव्वापाच लाखांच्या वर गेलेली संख्या उतरणीला लागली होती. पण शेवटची तारीख जाहीर केली तर शत्रू वाटाघाटींत काही द्यायला कशाला तयार होईल? आपले युद्धकैदी सोडवून घेण्यासाठीचे हुकमाचे पान आपणच टाकून द्यायचे का? शत्रूने नुसते थांबून राहायचे आणि आपली पाठ वळली की हल्ला करायचा, असे नाही का होणार?

हे प्रश्न गैरलागू नव्हते, पण त्यांना एक दुसरी बाजू होती. ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर राष्ट्राध्यक्षांच्या खिशात राहिले की प्रत्येक महिना स्वतःपुरता समर्थनीय ठरतो. अजून एक मोहीम, अजून एक फेरी, अजून थोडे प्रशिक्षण. निक्सन आल्यापासून युद्ध संपेपर्यंत आणखी वीस हजारांवर अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे किती मेली, त्याचा हिशेब लाखांत होतो.

हरलेली तारीख कुठे जाते

मतदान हरले, प्रश्न मागे पडला नाही. जानेवारी १९७१ मध्ये गॅलप संस्थेने नेमकी हीच सूचना लोकांपुढे ठेवली, तेव्हा सुमारे ७३ टक्के लोकांनी वर्षअखेर फौज परत आणावी असे सांगितले. सिनेटमधला सूर मात्र सावकाश बदलत होता. जून १९७१ मध्ये मॅकगव्हर्न-हॅटफील्ड दुरुस्ती पुन्हा आली आणि ४२ विरुद्ध ५५ मतांनी पुन्हा पडली. त्याच महिन्यात बहुमत पक्षाचे नेते माइक मॅन्सफील्ड यांची सौम्य दुरुस्ती ५७ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाली: कैदी सोडले गेले तर नऊ महिन्यांत माघार, हे देशाचे धोरण असावे. प्रतिनिधिगृहाशी तडजोड होताना तिची धार बोथट झाली. नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी विधेयकावर सही केली आणि सोबतच जाहीर केले की, हे कलम मला बंधनकारक नाही. त्यात निधी थांबवण्याची तरतूद नव्हती. पैशाशी न बांधलेली तारीख राष्ट्राध्यक्षांच्या लेखी उपदेशापलीकडे काही नव्हती.

तारखेची खरी ताकद दिसली ती १९७३ मध्ये. जानेवारीत पॅरिस करार झाला, २९ मार्चला शेवटची लढाऊ तुकडी व्हिएतनाममधून निघाली, पण कंबोडियावर बी-५२ विमानांचा बॉम्बवर्षाव चालूच राहिला. जूनमध्ये काँग्रेसने खर्चाच्या एका पुरवणी विधेयकातच बॉम्बफेकीला निधी नाही असे कलम घातले. २७ जूनला निक्सन यांनी नकाराधिकार वापरला आणि तो उलटवण्याइतकी मते जमली नाहीत. नेहमीचा खेळ इथेच संपला असता. पण त्या काळी अमेरिकेचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असे. पुढच्या वर्षाचा खर्च मंजूर झाला नाही तर सरकारी गाडा अडणार होता आणि काँग्रेस प्रत्येक विधेयकात तेच कलम पुन्हा घालायला तयार होती. वॉटरगेट प्रकरणाने घेरलेल्या निक्सन यांनी तडजोड केली: १५ ऑगस्ट. त्या दिवशी विमाने खरोखर थांबली.

दीड महिना कमी की जास्त यावर तिथे वाद नव्हता. यावेळी थांबण्याऐवजी अडून बसण्याची किंमत राष्ट्राध्यक्षांना मोजावी लागणार होती, एवढाच फरक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार उलटवून युद्धाधिकार ठराव मंजूर केला. राष्ट्राध्यक्षांनी फौज लढाईत उतरवली तर ६० दिवसांत काँग्रेसची संमती मिळवायची, नाहीतर मागे घ्यायची. माघारीसाठी आणखी ३० दिवस. अनेक राष्ट्राध्यक्षांनी या ठरावाला बगल दिली आहे, पण आज अमेरिकेत लढाईच्या संमतीवर जो वाद होतो तो याच दिवसांच्या हिशेबाने.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. १५ ऑगस्टने कंबोडियात शांतता आणली नाही. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज हे कम्युनिस्ट बंडखोर राजधानीत शिरले आणि पुढची चार वर्षे त्या देशाच्या इतिहासातली सर्वांत भीषण ठरली. मुदत आपला सहभाग संपवते. युद्ध संपवण्याची हमी ती देत नाही.

विस्कॉन्सिनचा सिनेटर

पुढचा अंक इराकचा. विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट सिनेटर रस फाइनगोल्ड एकांड्या मतासाठी ओळखले जात. ऑक्टोबर २००१ मध्ये पॅट्रियट कायद्याविरुद्ध मत देणारे सिनेटमधले ते एकमेव सदस्य. २००२ मध्ये इराकवर हल्ल्याची परवानगी ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाली, तेव्हा तेवीसांत तेही होते. दरवर्षी राज्याच्या बहात्तरही काउंट्यांत जाऊन सभा घ्यायची, आपण कमी बोलायचे, लोकांचे ऐकायचे, असा त्यांचा शिरस्ता. ऑगस्ट २००५ मध्ये अशाच दौऱ्यात त्यांनी ३१ डिसेंबर २००६ ही तारीख मांडली. इराकमधून सर्व अमेरिकी फौज परत आणण्याचे उद्दिष्ट म्हणून ठोस दिवस सांगणारे ते पहिले सिनेटर. शब्दही त्यांनी जपून वापरला होता. ही तारीख लक्ष्य आहे, ती चुकली तर सरकारने का चुकली ते सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते.

स्वपक्षीयांनीही हात आखडता घेतला. नोव्हेंबरमध्ये पेन्सिल्व्हेनियाचे प्रतिनिधिगृह सदस्य जॉन मर्था बोलले, तेव्हा खळबळ उडाली. मर्था व्हिएतनाममध्ये लढलेले मरीन, संरक्षण खात्याचे जुने मित्र आणि २००२ मध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलेले. त्यांनी सुमारे सहा महिन्यांत फौज बाहेर काढावी असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी रिपब्लिकनांनी ‘तात्काळ माघार’ असा टोकाचा ठराव स्वतःच मांडून ४०३ विरुद्ध ३ मतांनी पाडला. मुदत मागणाऱ्याच्या तोंडी पळ काढण्याची भाषा घालायची आणि मग तिच्यावर मत घ्यायचे, ही संसदीय चाल तिथे उघडी दिसते.

जून २००६ मध्ये फाइनगोल्ड आणि जॉन केरी यांच्या तारखेला सिनेटमध्ये अवघी १३ मते पडली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडे गेली. मार्च २००७ मध्ये माघारीच्या तारखा असलेले युद्धखर्चाचे विधेयक प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१२, तर सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाले. १३ वरून ५१, तेही नऊ महिन्यांत. १ मे रोजी जॉर्ज बुश यांनी नकाराधिकार वापरला. कारण जुनेच: तारीख सांगणे म्हणजे शत्रूला वाट पाहायला सांगणे. नकाराधिकार उलटवताना २२२ विरुद्ध २०३ मते पडली, दोन-तृतीयांशाला बरीच कमी.

आणि तरीही १७ नोव्हेंबर २००८ रोजी बगदादमध्ये बुश यांच्याच सरकारच्या राजदूतांनी तारखा असलेल्या करारावर सही केली. ३० जून २००९ पर्यंत शहरांतून बाहेर, ३१ डिसेंबर २०११ पर्यंत देशातून बाहेर. हे घडले कसे? इराकमधल्या परकी फौजांना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची जी मान्यता होती, तिची मुदत ३१ डिसेंबर २००८ ला संपत होती. तिथून पुढे राहायचे तर इराक सरकारची परवानगी लागणार होती. पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांना माघारीची तारीख हवी होती आणि आता विचारायला येण्याची पाळी अमेरिकेची होती. वॉशिंग्टनमध्ये जे ओझे काँग्रेसला दुसऱ्या खांद्यावर टाकता आले नाही, ते संपत आलेल्या एका मान्यतेने आपोआप टाकले. १८ डिसेंबर २०११ च्या पहाटे अमेरिकी गाड्यांचा शेवटचा ताफा कुवेतची हद्द ओलांडून गेला. २०१४ मध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटने घेतले, तेव्हा अमेरिकी सैनिक पुन्हा आले. तारीख चुकीची होती म्हणून हे झाले, की २००३ चे आक्रमणच चुकीचे होते म्हणून, यावर तिथे अजून खडाजंगी होते.

तारीख कुणाशी ठरवायची

मुदतीवरच्या आक्षेपांना सर्वांत मोठे बळ मिळाले अफगाणिस्तानात. जुलै २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे जिम मॅकगव्हर्न यांनी माघारीचा आराखडा आणि वेळापत्रक मागितले. प्रतिनिधिगृहात त्यांना १६२ मते मिळाली, विरोधात २६० गेली. पुढे वेळापत्रक आले ते काँग्रेसमधून नव्हे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे ट्रम्प सरकारने तालिबानशी थेट करार केला: चौदा महिन्यांत सर्व फौज परत. ज्या अफगाण सरकारसाठी वीस वर्षे लढाई चालली, ते या टेबलावर नव्हते. जो बायडन यांनी मुदत काही महिन्यांनी लांबवली, पण माघारीचा निर्णय बदलला नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. ३० ऑगस्टच्या रात्री शेवटचे अमेरिकी विमान उडाले.

मुदतीने सगळा घात केला, असा निष्कर्ष यातून चटकन काढला जातो. नीट पाहिले तर फरक दिसतो. फाइनगोल्ड किंवा दोन्ही मॅकगव्हर्न आपल्याच सरकारला उत्तरदायी करण्यासाठी तारीख मागत होते. सुनावण्या, टप्पे, मुदतवाढीची सोय हे सारे त्यात होते. दोहाची तारीख शत्रूला दिलेला शब्द होता. त्यावर काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही आणि ज्याच्या जमिनीवर ती अमलात यायची त्याला विचारले गेले नाही.

भारतालाही परदेशी मोहिमेचा एक कडवट अनुभव आहे. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. भारतीय घटनेत फौज परदेशी पाठवण्यासाठी संसदेच्या पूर्वसंमतीची अट नाही, त्यामुळे मुदतीचा प्रश्न मतदानाला आलाच नाही. तारीख आली ती समोरून. १ जून १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदास यांनी भारतीय सैन्याने जुलैअखेर जावे अशी जाहीर मागणी केली. दिल्लीत सरकार बदलले आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. तोवर अकराशेहून अधिक भारतीय जवान कामी आले होते. मुदतीचे तत्त्व आपल्या घटनेला परके मात्र नाही. आणीबाणीचा चटका बसल्यावर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रीय आणीबाणीला दर सहा महिन्यांनी संसदेची नव्याने मंजुरी आवश्यक केली. चालू ठेवायची असेल त्याने येऊन विचारावे, हा नियम तिथे लागू आहे.

आधी घातलेली तारीख

या साऱ्या मतदानांत एक गोष्ट समान आहे. तारीख मागितली गेली ती युद्ध अंगावर आल्यावर, हजारो माणसे गमावल्यावर. आधीच मुदत घातली गेली अशी उदाहरणे थोडी. लेबनॉनमधल्या मरीन सैनिकांसाठी काँग्रेसने ऑक्टोबर १९८३ मध्ये अठरा महिन्यांचीच परवानगी दिली होती. बैरूतमधल्या स्फोटात २४१ अमेरिकी मेल्यावर फौज त्याच्याही आत परत आली.

उलट उदाहरण सप्टेंबर २००१ चे. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांना तीन दिवस झाले असताना काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना बळाच्या वापराची परवानगी दिली. त्यात ना देशाचे नाव होते ना अंतिम तारीख. सिनेटमध्ये विरोधात एकही मत पडले नाही. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. अफगाणिस्तानासाठी म्हणून घेतलेली ती परवानगी पुढे येमेन, सोमालिया, सीरियापर्यंत ताणली गेली. २००१ मध्ये जे सभागृहात नव्हते, काही तर तेव्हा शाळेत होते, असे सदस्य निवडून आले तरी त्यांना तिच्यावर मत द्यावे लागले नाही.

बार्बरा ली मुदत मागत राहिल्या. जून २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या खर्च समितीत त्यांनी दुरुस्ती मांडली: ही परवानगी २४० दिवसांनी संपेल, तोवर काँग्रेसने नव्याने चर्चा करून काय ते ठरवावे. या वेळी रिपब्लिकन सदस्यांनीही तिला साथ दिली आणि समितीने दुरुस्ती स्वीकारली. लढाई थांबवा, असे ती म्हणत नव्हती. चालू ठेवायची असेल तर मत द्या, एवढेच म्हणत होती. पुढच्या महिन्यात विधेयक सभागृहात येण्याआधीच नियम समितीने ती काढून टाकली. त्यामुळे कुणालाच मत द्यावे लागले नाही.